मदर्स डेच्या आधी टोमॅटो लावताय?

पहिल्याच वर्षी न्यू जर्सीत भाजी लावताय, मस्तच! एप्रिलमध्ये चार दिवस ऊन पडलं की हात शिवशिवतात, पण टोमॅटो, मिरची, भेंडी, तुळस मदर्स डेपर्यंत (मे महिन्यातला दुसरा रविवार) जमिनीत लावू नका. नवख्यांची बरीच रोपं याच घाईत फ्रॉस्टने, म्हणजे थंड रात्री पानांवर धरणाऱ्या बर्फाने, जातात. मेथी, पालक, मटार, कोथिंबीर यांची काळजी नको, हलका फ्रॉस्ट ती सोसतात.

रोपं आधीच लावली असतील तर रोज संध्याकाळी हवामान बघा. आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि अंदाज ३६ फॅरनहाइटचा असला, तरी जमिनीलगत पानांवर बर्फ धरू शकतो. अशा दिवशी:

- दुपारी मातीला पाणी द्या. ओली माती ऊब जास्त धरते. पानं भिजवू नका.
- सूर्य मावळायच्या आत जुनी चादर टाका. ती चहूबाजूंनी जमिनीला टेकली पाहिजे. कडेला विटा ठेवा. बरेच जण चादर खोडाभोवती गुंडाळून बांधतात आणि तिथेच चुकतात. ऊब मातीतून वर येते, ती आत अडकायला हवी.
- सकाळी ऊन आलं की चादर काढा.

नुसतं प्लास्टिक नको, ते जिथे टेकतं तिथे पान जळतं. कुंड्या सरळ गॅरेजमध्ये घ्या. कढीपत्ता तर रात्रीचं तापमान ५०च्या वर टिकेपर्यंत घरातच बरा.

एवढं करूनही पानं काळी पडली तर लगेच कात्री लावू नका, खतही देऊ नका. आठवडाभर थांबा, खोड हिरवं असेल तर खालून नवे फुटवे येतात.