नागपुरात राहून हेवी मेटल लीड गिटारिस्ट म्हणून करिअर होऊ शकतं का?

होतं, पण नुसत्या मेटलवर घर चालेल असं धरून चालू नका. क्लास, रेकॉर्डिंग, ऑर्केस्ट्रा, लग्नाची सीझन, पैसा तिकडूनच येतो. (लग्नातल्या संगीत कार्यक्रमात "दिलबर" वाजवायची लाज वाटत असेल तर आत्ताच विचार करा, भाऊ.)

वेगाच्या मागे लागू नका. मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) लावून उजव्या हाताचं पाम म्यूटिंग (तळहाताची कड तारांवर टेकवून आवाज दाबणं) आणि सुरात बेंड करणं (तार ओढून सूर चढवणं) आधी पक्कं करा. बेसूर बेंड कितीही डिस्टॉर्शन (आवाज फाटका, खरखरीत करणारा इफेक्ट) टाकलं तरी लपत नाही. गिटारिस्ट कर्क हॅमेट 1983 मध्ये मेटॅलिका या मेटल बँडमध्ये गेला, आणि त्यानंतरही गिटारिस्ट जो सॅट्रियानीकडे शिकायला जात होता. ब्लॅक सॅबथ बँडचा गिटारिस्ट टोनी आयोमी, त्याची तर कारखान्यात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हातच तो! त्यानं प्लास्टिक वितळवून टोपणं केली, हलक्या तारा लावल्या, पुढे ट्यूनिंगही खाली आणलं. मेटलचा तो जड आवाज बराचसा तिथूनच आला.

आपल्या उन्हाळ्याचं एक सांगतो: मे महिन्यात फ्रेटबोर्ड (तारा दाबायची लाकडी पट्टी) सुकून फ्रेटची (त्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची) टोकं हाताला टोचतात. म्हणून गिटार केसमध्येच ठेवा, आणि कूलरसमोर तर अजिबात नको, तारा गंजतात.