परदेशातली पहिली संक्रांत

अगं, नाशिकहून निघताना बॅगेत हलवा नक्की टाक. गूळ तिकडे मिळेल, पण चिक्कीचा मिळेलच असं नाही. साध्या गुळाचा पाक करत बसू नकोस. तीळ-दाणे भाजून कूट कर, गूळ किसून मळ आणि मऊ लाडू वळ. मात्र आमंत्रण देतानाच तिळाची, दाण्यांची अ‍ॅलर्जी कुणाला आहे का ते विचार. अमेरिकेत २०२३ पासून पाकिटावर तिळाचा उल्लेख सक्तीचा आहे, तो उगाच नाही. माझ्याकडे पहिल्या वर्षी एक मैत्रीण नुसता चहा पिऊन गेली! भोगीच्या भाजीतही तिळाचं कूट असतं, ते वरून घालायला वेगळं ठेव. पावटे फ्रोझन चालतात. येवल्यासारखी पतंगबाजी बर्फात विसरच. ‘गोड गोड बोला’ मात्र प्रत्येकाला आपापल्या भाषेत म्हणायला लाव.