समाजशास्त्र भौतिकशास्त्रासारखं पुढे का सरकत नाही?

कारण समाजशास्त्र ज्यांचा अभ्यास करतं ती माणसं प्रश्न समजून घेतात आणि त्याप्रमाणे वागणं बदलतात; पाण्याला आपला उत्कलनबिंदू कुणी मोजतंय याची खबर नसते. यवतमाळकडच्या गावांत सर्वेक्षण करताना हे नेहमी दिसतं. कर्जमाफीची चर्चा असली की बँकेचं कर्ज लगेच सांगतात. सावकाराचं विचारलं की कापूस वेचून आलेली बाई पदराला हात पुसत घरधन्याकडे बघते. म्हणून २००८च्या कर्जमाफीआधीचे निष्कर्ष नंतर जसेच्या तसे लागू होत नाहीत. जुने सिद्धांतही बाद होत नाहीत, फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खीमचं १८९७चं आत्महत्येवरचं काम आजही वाचावंच लागतं. अर्थात निसर्गही थांबलेला नसतो: २००२ साली मंजूर झालेल्या, बोंडअळी मारणारं जनुक घातलेल्या बीटी कपाशीला गुलाबी बोंडअळी पुढे सरावलीच.