जिवाणू आणि मातीचे कण दोन्ही ऋणभारित असतात, मग जिवाणू कणांना चिकटतात कसे?

तुमची शंका रास्त आहे, पण समान भारांचं हे एकमेकांना दूर लोटणं, म्हणजे अपकर्षण, फार लांब पोचत नाही. पाण्यातले धन आयन ऋणभारित पृष्ठभागाभोवती गोळा होतात आणि भार झाकून टाकतात. लिटरला ०.००१ मोल मीठ असेल तर अपकर्षणाचा पल्ला सुमारे १० नॅनोमीटर असतो, ०.१ मोल केलं की जेमतेम १. कॅल्शियमसारखा दुहेरी भाराचा आयन असेल तर त्याहून कमी. जिवाणू स्वतः हजारभर नॅनोमीटरचा, म्हणजे त्याच्या मानाने हे अंतर किरकोळच. व्हॅन डर वाल्स आकर्षण, म्हणजे जवळ आलेल्या कुठल्याही दोन वस्तूंमधली दुबळी ओढ, मात्र कायम असतं. या दोन बलांचा हिशेब १९४०च्या दशकात देरयागिन, लांडाऊ, फर्वे आणि ओव्हरबेक यांनी मांडला, आणि मेलेले जिवाणूही का चिकटतात ते त्यातून बऱ्यापैकी समजतं.

त्या हिशेबानुसार कणाला न टेकताही जिवाणू काही नॅनोमीटरवर अडकून राहू शकतो. ही पकड कच्ची असते. पावसाचं कमी क्षारांचं पाणी मातीतून उतरलं की अपकर्षणाचा पल्ला वाढतो आणि असे जिवाणू सुटून खाली वाहतात.

पक्की पकड जिवाणू स्वतः बसवतो, आणि पुस्तकी स्पष्टीकरणं नेमकी इथेच हात आखडता घेतात असं मला वाटतं. जिवाणू म्हणजे प्लास्टिकचा गुळगुळीत मणी नव्हे. त्याच्या अंगावरचे प्रथिनांचे तंतू काही नॅनोमीटरच जाड असतात, त्यामुळे त्यांना अपकर्षण फारसं जाणवत नाही आणि ते आरपार जाऊन खनिजाला भिडतात. मग तो शर्करा, प्रथिनं आणि डीएनए यांचा चिकट थर सोडतो. त्यातले कार्बॉक्सिल आणि फॉस्फेट गट खनिजातल्या लोहाशी थेट बंध जोडतात, किंवा मध्ये कॅल्शियम घेऊन पूल बांधतात.

शिवाय सगळीच खनिजं ऋणभारित नसतात. गोथाइट, हेमाटाइट ही लोहाची ऑक्साइडं उदासीन पाण्यात सहसा धनभारित असतात. जिवाणूंचं गढूळ द्रावण दोन नळ्यांत घ्या, एकीत क्वार्ट्झची वाळू टाका, दुसरीत गोथाइटची पिवळी पूड, आणि हलवून ठेवा. वाळू लगेच तळाला बसते, वरचं पाणी गढूळच राहतं. गोथाइटच्या नळीत पिवळट गुठळ्या होतात, जिवाणूंना घेऊनच खाली बसतात आणि वरचं पाणी निवळतं. हे करून पाहणार असाल तर जिवाणू फॉस्फेट बफरने धुऊ नका. फॉस्फेट गोथाइटवर आधी जागा पटकावतं, त्याचा भार उलटवतं आणि प्रयोग फसतो.

मातीतून जिवाणू सोडवायला आम्ही याच जातीची युक्ती वापरतो. सोडियम पायरोफॉस्फेट कॅल्शियम काढून घेतं आणि पूल तुटतात. तरी सगळे काही सुटत नाहीत. बारीक कणांच्या ढेकळांत आत दडलेले आतच राहतात.