दोन उन्हाळे जाऊ दे, मग जोडी लाव

सावदा, ता. रावेर
फेब्रुवारी

चि. बाळा,

तुझं पत्र आणि तुझ्या दोन्ही बिअर्डेड ड्रॅगनचे, त्या ऑस्ट्रेलियन दाढीवाल्या सरड्यांचे, फोटो मिळाले. नर छान आहे. शेपटीचं मूळ भरलेलं, डोळे स्वच्छ, अंगावर तेज. मादीकडे मात्र मी बराच वेळ बघत बसले. कमरेची हाडं वर आली आहेत आणि शेपटीच्या मुळाशी खोलगट दिसतंय. तू लिहितोस, ती आठ महिन्यांची आहे, वजन २१० ग्रॅम आहे आणि मार्चमध्ये जोडी लावायचा विचार आहे. नको लावूस. यंदाही नको आणि पुढच्या वर्षीही घाई नको.

तुझा हिरमोड होणार, हे मला माहीत आहे. पण बिअर्डेड ड्रॅगनची मादी दीड वर्षाची होऊन वजनाने ३५० ग्रॅमच्या पुढे गेल्याशिवाय तिला नराजवळ सोडायचं नसतं. आठव्या महिन्यात तिची स्वतःचीच हाडं वाढत असतात. अंड्यांच्या कवचाला कॅल्शियम लागतं, आणि खाण्यातून पुरलं नाही तर ते तिच्या हाडांतून निघतं. मग पाय थरथरतात, जबडा मऊ पडतो, पोटात अंडी अडकतात. आपल्या तालुक्याचे जनावरांचे डॉक्टर गाय-म्हैस उत्तम बघतात, पण अंडं अडकलेला सरडा त्यांच्यासमोर कधी आलेला नसतो. ज्यांच्यासमोर आलेला असतो ते मुंबई-पुण्याला. भुसावळहून मुंबई साडेचारशे किलोमीटरच्या आसपास, आणि अडकलेली मादी तेवढा वेळ देईलच असं नाही.

आज, आत्ता, पहिलं काम कर. दोघांना वेगळं कर. तू लिहिलंयस, ‘एकत्रच राहतात, एकमेकांवर बसतात, छान जमतं.’ ते प्रेम नसतं रे. वर बसणारा खालच्याचा ऊन आणि उजेड अडवत असतो. खालची खात कमी आहे आणि तिची हाडं दिसताहेत, त्याचं कारण बहुधा तिथेच आहे. हा एकट्याने राहणारा प्राणी आहे. दोन टाक्यांच्या मध्ये पुठ्ठा लाव, म्हणजे नर समोर दिसून ती दिवसभर दबून राहणार नाही. ती पुढचा एक हात गोल फिरवते ना, ते ‘मी लहान आहे, मला सोड’ असं सांगणं असतं.

आता उन्हाळ्याचं. इथे मी थोडी लांब लिहिणार आहे, कारण बाहेरचे लोक लिहितात ते आपल्याकडे एप्रिलपासून उलटं लागू होतं. त्यांची सगळी काळजी उब कशी द्यायची याची. बल्बखालच्या दगडावर ४० अंश, थंड बाजूला २६ ते २८, हे बरोबरच आहे. पण शिरपूरच्या तुझ्या पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात दुपारी नुसती हवाच ४२-४३ ला जाते. म्हणजे टाकीत थंड बाजू उरतच नाही. ऑस्ट्रेलियाचं वाळवंट काय कमी तापतं? तापतं, पण तिथला सरडा दुपारी सावलीत जातो, झुडपावर वारा घेतो, बिळात शिरतो. तुझ्या टाकीतला जाणार कुठे?

म्हणून एप्रिल ते पाऊस पडेपर्यंत बास्किंगचा, म्हणजे ऊब देणारा बल्ब सकाळी सहा ते दहा, बस. यूव्हीबीची, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांची ट्यूब चालू राहू दे, तिची उष्णता फार नसते. टाकी पत्र्याखालून काढून घरातल्या सगळ्यात खालच्या, जाड भिंतीच्या खोलीत ने. तुमचं जुनं धाब्याचं घर अजून उभं आहे असं तुझी आई म्हणाली होती, त्यातली मधली खोली सगळ्यात उत्तम. थंड बाजूला शहाबादी फरशीचा तुकडा ठेव. कूलर लावलास तर वारा थेट टाकीवर सोडू नकोस. या प्राण्याला ३०-४० टक्के दमट हवा पुरते, आणि कूलरची ओल अंगावर घेऊन घेऊन छाती भरते. नाकाशी बुडबुडे, तोंडात चिकट लाळ दिसली की समज.

बल्बखाली बसून तोंड उघडतो ते ठीक, तो जास्तीची उष्णता बाहेर टाकत असतो. पण बल्बपासून लांब बसूनही तोंड उघडं आहे, काचेवर धावतोय, नाहीतर सपाट पडलाय, तर लगेच उचल आणि साध्या, कोमट-थंड पाण्यात पोटापर्यंत धर. बर्फ नको. काचेला चिकटवायचे गोल तापमापक फेकून दे. वायरच्या टोकाला सेन्सर असलेले दोन डिजिटल घे, एक गरम बाजूला, एक थंड बाजूला.

काचेची टाकी कधीही, अगदी पाच मिनिटांसाठीही, उन्हात ठेवायची नाही. तिची भट्टी होते. ऊन द्यायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी, जाळीच्या पिंजऱ्यात, अर्धी सावली ठेवून आणि तू शेजारी बसून. घार आणि मांजर दोघांनाही हा प्राणी खायला आवडेल. या उन्हाची सर कुठल्याही ट्यूबला येत नाही, फक्त ते खिडकीच्या काचेतून येऊन चालत नाही. काच यूव्हीबी अडवते. ट्यूब वर्षाने बदल, उजेड दिसत असला तरी. डोळ्यांना दिसतो तो उजेड टिकतो, कामाचा भाग आधी संपतो.

खाण्याबद्दल तू विचारलंस, ‘केळी घरचीच आहेत, रोज दिली तर?’ आमच्या घरातही हाच प्रश्न आला होता. सासूबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या, ‘हे काय आनलं व माय घरात!’ आणि आठव्या दिवशी स्वतःच्या हाताने त्याला पिकलं केळं भरवत होत्या. मला त्यांना थांबवावं लागलं. १०० ग्रॅम केळ्यात कॅल्शियम ५ मिलिग्रॅमच्या आसपास आणि फॉस्फरस त्याच्या चौपट. आपल्याला हवं उलटं, कॅल्शियम दुप्पट. रोज केळं म्हणजे रोज हाडांतून उधारी. महिन्यातून एकदा नखाएवढा तुकडा दे. रोजच्यासाठी शेवग्याचा पाला, लसूणघास, किसलेलं डांगर, जास्वंदीची फुलं, आणि काटे नीट काढलेला फड्या निवडुंग. यातलं निम्मं आपल्याला फुकट मिळतं. पालक नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं.

तुझी मादी वाढीची आहे, तिचं अर्ध्याहून जास्त पोट किड्यांनी भरू दे. किड्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुर, आणि किडा तिच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. कपाशीतले नाकतोडे पकडून घालू नकोस. त्या पिकावर किती फवारण्या होतात ते तू माझ्यापेक्षा जवळून बघतोस. आणि मृगाच्या तोंडावर घरात काजवा शिरला तर आधी टाकीचं झाकण बघ. बाहेरदेशी एकच काजवा गिळून बिअर्डेड ड्रॅगन मेल्याच्या नोंदी आहेत.

आता अंडी. माझी एक गोष्ट सांगते, अजूनही सांगताना जड जाते. माझ्या पहिल्या मादीने मार्चअखेर २२ अंडी घातली. थर्मोकोलच्या पेटीत वर्मिक्युलाइट, म्हणजे ओल धरून ठेवणारं खनिज, ओलं करून मी ती ठेवली, थर्मोस्टॅट २९ वर. उबवायला साधारण दोन-सव्वादोन महिने लागतात, म्हणजे सगळा मे पेटीतच जाणार. थर्मोस्टॅट बंद करतो तो हीटर. खोली तापली तर तो काय करणार? मी ते लक्षातच घेतलं नव्हतं. लग्नाला दोन दिवस बाहेर गेले, परत आले तेव्हा पेटीत ३७ होतं. सहा पिल्लं बाहेर आली, त्यातली तिघं आठवड्याभरात गेली. बाकीची अंडी मी केळीच्या बागेत पुरली. त्या वर्षी मी परत जोडी लावली नाही.

या उष्णतेचं आणखी एक आहे, आणि ते मला फार विलक्षण वाटतं. या सरड्यात नर-मादी ठरवणारी गुणसूत्रं नरात ‘झेडझेड’ आणि मादीत ‘झेडडब्ल्यू’ असतात. पण अंडी ३२ अंशांच्या वर उबवली की काही झेडझेड पिल्लं, म्हणजे जन्मजात नर, मादी होऊनच बाहेर येतात. तापमान जितकं वर, तितक्या जास्त. २०१५ साली क्लेअर हॉलेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं की हे प्रयोगशाळेपुरतं नाही, ऑस्ट्रेलियाच्या रानातही अशा माद्या आहेत, त्या अंडी घालतात, आणि त्यांच्या पुढच्या पिढीचं नर-मादी होणं तापमानावरच ठरतं. म्हणजे आपल्या मेमध्ये बेपर्वाईने उबवलेल्या पेटीतून कोण बाहेर आलं, हे तुलाही कळणार नाही आणि तुझ्याकडून नेणाऱ्यालाही नाही.

म्हणून जेव्हा केव्हा करशील तेव्हा वेळ बदल. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री थंड पडतात, तेव्हा मोठी जनावरं आपणहून मंदावतात, कमी खातात, झोपून राहतात. जागी झाली की फेब्रुवारीत नर दाढी काळी करून मान हलवायला लागतो, आणि तेव्हाच जोडी लावली तर अंडी नेमकी उन्हाळ्यात पडतात. त्याला थांबव. पावसाने हवा उतरली की जुलैमध्ये जोडी लाव. तरीही गरम आणि थंड दोन्ही करणारी पेटी घे, आणि वीज गेली तर किमान काही तास चालेल असा इन्व्हर्टर. हा खर्च झेपत नसेल तर अंडी घेऊच नकोस.

मादी खोदायला लागली की तिला पुरेसं खोल, फूटभर, ओलसर माती-वाळूचं टब दे. मुठीत दाबली तर गोळा राहील आणि पाणी गळणार नाही, इतकी ओल. नर नसतानाही माद्या कधी कधी पोकळ अंडी घालतात, तेव्हा टब तुझ्या मादीलाही लागू शकतं, तयार ठेव. अंडी उचलताना वरच्या बाजूला पेन्सिलने खूण कर आणि तीच बाजू शेवटपर्यंत वर ठेव. कोंबडीसारखी ती फिरवायची नसतात, आतला गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटलेला असतो.

आणि एक जोडी म्हणजे एक वेत नव्हे. मादी नराचं बीज साठवून ठेवते. एकदा नर दाखवलास की तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दुसरा, तिसरा घाणा पडू शकतो, नर पुन्हा जवळ न जाता. एका वेळी वीस धर. पिल्लू दिवसातून तीनदा खातं, पंचवीस-तीस बारीक किडे सहज. वीस पिल्लांचे पाचशे-सहाशे किडे, रोज. शिरपुरात ते कुठून आणशील? खाणं कमी पडलं की ती एकमेकांची बोटं आणि शेपटीची टोकं चावतात, आणि पालीसारखी यांची शेपटी परत येत नाही. त्यांना तीन-तीन, चार-चार करून वेगळं ठेवायला किती टाक्या, किती ट्यूब लागतील, ते कागदावर मांडून मला पाठव. त्यांतल्या प्रत्येकाला नेणारं घर कुठलं, तेही लिही. दुकानदार घेईल असं लिहू नकोस, दुकानात दहा वर्षं कुणी सांभाळत नाही, आणि हा प्राणी दहा वर्षं सहज जगतो.

तू ‘लेदरबॅक’, म्हणजे बारीक खवल्यांच्या जातीच्या नराबद्दलही विचारलंस. दोन लेदरबॅक एकत्र लावले तर चारातलं एक पिल्लू बिनखवल्याचं, ‘सिल्कबॅक’ निघण्याचा संभव. ते दिसायला रेशमी असतं आणि त्याला आयुष्यभर भोगावं लागतं. कात नीट निघत नाही, बोटं आवळून जातात, साध्या नखाने कातडं फाटतं. मी माझ्या घरात कधी केलं नाही, तूही करू नकोस.

कागदपत्रांत आळस नको. वन्यजीव कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, आणि परदेशी प्राण्यांच्या नोंदणीचे नियम २०२४ मध्ये आले. नोंदणीच्या यादीत कुठले प्राणी आहेत ते वनखात्याच्या कार्यालयात जाऊन स्वतः विचार. विकणाऱ्याचं बिल आणि जन्मतारीख जपून ठेव. ऑस्ट्रेलिया आपले रानटी सरडे व्यापारासाठी बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे ‘थेट तिकडून आणलाय’ म्हणणाऱ्याच्या दारात उभा राहू नकोस. आणि सातपुड्यातून कुणी घोरपडीचं पिल्लू आणून देतो म्हणाला, तर त्याला स्पष्ट नाही म्हण. ती १९७२ च्या कायद्याने संरक्षित आहे, पाळणं गुन्हा आहे.

त्यांना हाताळल्यावर हात साबणाने धू, टाकीची भांडी स्वयंपाकाच्या मोरीत घासू नकोस. साल्मोनेला हा जुलाब-ताप आणणारा जंतू याच्या पोटात असू शकतो आणि तुझ्या घरात तीन वर्षांची भाची आहे. तिला लांबून बघू दे. आणि त्याला उचलताना वरून हात नेऊ नकोस, बाजूने ने. डोक्याच्या मधोमध बारीक ठिपका आहे ना, तो उजेड-सावली ओळखतो. वरून आलेला हात त्याला घारीसारखा वाटतो.

मादीचं वजन दर रविवारी सकाळी, खाण्याआधी कर आणि वहीत लिही. येत्या आठवड्यात तिची ताजी लीद छोट्या डबीत घालून भुसावळला घेऊन ये, जंत आहेत का ते तपासून घेऊ. आमच्याकडे शेवगा भरपूर आहे, येताना मोकळी पिशवी आण.

तुझी,
मावशी