बोइंग मागे का पडलं?

प्रश्न: बोइंग एवढी जुनी कंपनी, मग एअरबस पुढे कशी गेली? भाचा म्हणतो सगळा दोष शेअर बाजाराचा. खरंय का? आणि अकासाचं तिकीट काढलंय, त्यांची सगळी विमानं ७३७ मॅक्स, बसू ना? – एक वाचक, ठाणे

उत्तर: भाचा निम्मा बरोबर आहे. डिसेंबर २०१० मध्ये एअरबसने ए३२० निओ जाहीर केलं, जुनंच विमान पण इंजिन नवं, डिझेल... सॉरी, इंधन कमी पिणारं. पुढच्याच वर्षी अमेरिकन एअरलाइन्स, म्हणजे बोइंगचं अगदी हक्काचं गिऱ्हाईक, तिनेही एअरबसला मोठी ऑर्डर दिली आणि मग बोइंगने नवीन विमानाचा विचार बाजूला ठेवून आपल्या जुन्या ७३७ लाच नवं इंजिन लावायचं ठरवलं, तेच हे ७३७ मॅक्स. पण ७३७ हे १९६७ साली पहिल्यांदा उडालेलं, जमिनीला टेकल्यासारखं बुटकं विमान, पंखाखाली मोठ्या इंजिनाला जागाच नाही. मग इंजिन पुढे आणि वर सरकवलं, त्याने काही वेळा नाक जास्त वर जायला लागलं, ते खाली दाबायला एमकॅस नावाचं सॉफ्टवेअर टाकलं, ते एकाच सेन्सरवर विसंबून, आणि पायलटच्या मॅन्युअलमध्ये त्याचा धड उल्लेखही नाही! २०१८ आणि २०१९ चे मॅक्सचे दोन अपघात, ३४६ माणसं गेली.

पैसे नव्हते म्हणावं तर तसंही नाही. २०१३ ते २०१९ या काळात बोइंगने स्वतःचेच शेअर परत विकत घ्यायला ४० अब्ज डॉलरच्या वर खर्च केले. माझा राग आहे तो इथे, आणि भाचा बरोबर आहे तोही इथेच.

पण एअरबसला संत करू नका. त्यांना युरोपातल्या सरकारांनी कर्जं दिली म्हणून दम धरता आला, त्यावरून जागतिक व्यापार संघटनेत वर्षानुवर्षं भांडण चाललं. आणि लांबचा विचार करून काढलेलं दुमजली, अवाढव्य ए३८० तर २५१ विमानांवर बंद पडलं. उलट बोइंगने २०१७ मध्ये कॅनडाच्या बॉम्बार्डियर कंपनीच्या सी-सिरीज या छोट्या प्रवासी विमानावर अमेरिकेत जबर ड्युटी लावावी म्हणून तक्रार केली, तर बॉम्बार्डियरने त्या प्रोग्रॅमचा मोठा हिस्सा फुकटात एअरबसला देऊन टाकला, आज तेच ए२२० म्हणून विकतात. बसा बोंबलत!

तिकिटाचं: बसा बिनधास्त. एमकॅस आता दोन सेन्सर ताडून बघतं, आणि अपघातांनंतर मॅक्सवर घातलेली बंदी ऑगस्ट २०२१ मध्ये डीजीसीएने, म्हणजे आपल्याकडच्या विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, उठवली.