मुटका वळला की पाणी थांबवा

मागच्या अंकात मी घरी विजेच्या मशीनवर ताजा पास्ता करण्याबद्दल लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. निम्म्याहून जास्त पत्रांत एकच अडचण आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

ताई, मुलाने दिवाळीत पास्त्याचं मशीन आणून दिलं. पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे पीठ-पाणी घालते. पण पाच मिनिटं झाली तरी पिठाचा गोळा होत नाही, आत नुसता चुरा फिरत राहतो. म्हणून मी वरून थोडं थोडं पाणी घातलं. पास्ता बाहेर आला, पण सगळा एकमेकांना चिकटून लगदा झाला. दुसऱ्या वेळी तर मशीन मध्येच बंद पडलं. मशीन सदोष आहे का? परत करावं का?
— एक वाचक, इचलकरंजी

परत करू नका. मशीन चांगलं आहे आणि तो चुरा म्हणजेच तयार पीठ आहे.

आपला हात पोळीच्या कणकेवर तयार झालेला असतो. कणीक मऊ, लुसलुशीत भिजली की बरं वाटतं, आणि चुरा दिसला की हात आपोआप पाण्याच्या भांड्याकडे जातो. पोळीला १०० ग्रॅम कणकेत ६०-६५ ग्रॅम पाणी सहज मुरतं. पास्त्याच्या मशीनला मात्र १०० ग्रॅम पिठाला ३६ ते ३८ ग्रॅमच लागतं, म्हणजे जवळजवळ निम्मं. कारण या मशीनमध्ये खरी मळणी भांड्यात होतच नाही. खाली एक जाड मळसूत्र असतं. ते हा चुरा पुढे ढकलत नेतं आणि समोरच्या डिस्कवर, म्हणजे पास्त्याला आकार देणाऱ्या भोकांच्या चकतीवर, जोराने दाबतं. तळहाताच्या टाचेने आपण दहा मिनिटं जे करतो ते तिथे दाबाने होतं. पीठ सैल झालं की ते मळसूत्राला गुंडाळून त्याच्याबरोबरच गोल फिरतं, पुढे सरकत नाही. मोटारीवर ताण येतो, ती तापते आणि मशीन स्वतःला वाचवायला बंद होतं. तुमच्याकडे तेच झालं आहे.

माझं पहिलं मशीन आलं तेव्हा मीही असंच पाणी वाढवत गेले होते. मोटारीचा जळका वास सुटला. डिस्क इतकी घट्ट बसली की शेवटी पान्याने सोडवावी लागली आणि तिच्या कडेला चीर गेली. नवी डिस्क यायला तीन आठवडे लागले. तेवढ्या दिवसांत मी नुसता पिठाचा अभ्यास केला आणि उत्तर सापडलं ते शंकरपाळ्यांत.

शंकरपाळ्यांच्या पिठाला मोहन चोळल्यावर आपण काय करतो? मूठभर पीठ दाबून मुटका वळतो का ते बघतो. इथेही अगदी तसंच करायचं. मशीन थांबवा, चुरा मुठीत घ्या, घट्ट दाबा. मूठ उघडल्यावर मुटका उभा राहिला पाहिजे, त्यावर बोटांचे ठसे उमटले पाहिजेत आणि अंगठ्याने टोकरल्यावर तो भुसभुशीत फुटला पाहिजे. तळहाताला काही चिकटता कामा नये. मुटका वळलाच नाही तर चमचाभर पाणी, त्याहून जास्त नाही. फुटण्याऐवजी दबून चपटा झाला तर पाणी जास्त झालंय, दोन चमचे कोरडा रवा घाला. (पास्त्याचं पीठ म्हणजे बारीक रवाच, कोणता ते पुढच्या पत्रात सांगते.)

प्रमाण सांगते: ४०० ग्रॅम रव्याला १५० ग्रॅम पाणी. दोन्ही काट्यावर मोजा, पाणीसुद्धा. वाटी इथे दगा देते. माझ्या घरची तीच वाटी हलक्या हाताने भरली आणि ठोकून भरली तर काट्यावर २० ग्रॅमचा फरक पडतो. पाणी एकदम ओतू नका, मशीन फिरत असताना मिनिटभर बारीक धारेने सोडा. पावसाळ्यात पिठाने हवेतली ओल घेतलेली असते, तेव्हा ५ ते १० ग्रॅम पाणी कमी.

आणखी एक, जे पुस्तिकेत बहुधा नसतं. चुरा झाला की मशीन बंद करून झाकण लावून २० मिनिटं तसंच ठेवा. रव्याच्या कणात पाणी आतपर्यंत जायला वेळ लागतो. या वीस मिनिटांनी जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याही महागड्या पिठाने पडत नाही. मग काढायला घ्या. सुरुवातीचा वीतभर पास्ता फाटका, खरखरीत येईल. घाबरू नका, तो तोडून परत भांड्यात टाका. मशीन गरम झालं, आवाज घरघरीचा जाऊन एकसुरी झाला, की पुढचा सरळ येतो. बाहेर येताना समोर टेबल-पंख्याचा हलका वारा ठेवा आणि खाली ताटात तांदळाची पिठी भुरभुरा, म्हणजे चिकटायचं नावच नाही.

गावाकडून दरवर्षी बन्सी गव्हाचं एक पोतं येतं. सासूबाई त्याच्या शेवया, कुरडया करायच्या. त्याचा पास्ता होईल का? मैदा वापरून पाहिला तर शिजताना लिबलिबीत होतो, आणि बाहेरचं पीठ फार महाग पडतं.
— एक वाचक, अकोला

तुमचं पत्र वाचून मला इतका आनंद झाला! तुमच्या घरात पोतं भरून पास्त्याचाच गहू आहे.

बन्सी हा ड्युरम जातीचा गहू. इटलीत १९६७ साली कायदाच झाला की सुका पास्ता ड्युरमच्या रव्याचाच करायचा. आपण पोळीला आणतो तो लोकवन किंवा शरबती वेगळा, तो मऊ पोळीचा गहू. ड्युरमचा दाणा मधाच्या रंगाचा, काचेसारखा कडक. दाताखाली धरला तर टचकन फुटतो. दळला की त्याचं पीठ होण्याआधी रवा होतो. त्याच्यातलं ग्लुटेन, म्हणजे पिठाला बांधून ठेवणारं प्रथिन, चिवट असतं पण ताणायला कमी, म्हणून त्याची पोळी फुगायला कुरकुरते आणि त्याचा पास्ता मात्र उकळत्या पाण्यात आपला आकार सोडत नाही. सासूबाईंना हे हाताने ठाऊक होतं, म्हणूनच त्या शेवयांना बन्सीच घ्यायच्या.

आपल्याकडे काळ्या जमिनीत, पावसानंतर उरलेल्या ओलीवर हा गहू यायचा. पाण्याची सोय झाली, जास्त उतारा देणारे वाण आले आणि बन्सी मागे पडला. पण ड्युरमवर काम थांबलेलं नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने एमएसीएस ४०२८ हा ड्युरम वाण काढला, त्यात प्रथिनं सुमारे १४.७ टक्के आहेत. पास्त्यासाठी यापेक्षा चांगली बातमी नाही. आपल्या मातीत हा गहू असताना तो विकत घ्यायला आपण परदेशी पुडे शोधतो, याची मला मनापासून खंत वाटते.

आता दळायचं कसं. गिरणीत देऊन पोळीसारखी कणीक करून आणू नका. घट्ट लावलेल्या जात्यात पिष्टाचे कण फुटतात, फुटलेले कण पाणी जास्त पितात आणि पास्ता चिकट होतो. सासूबाई शेवयांसाठी करायच्या तसंच करा: गव्हाला पाण्याचा हात लावा, ओल्या फडक्यात रात्रभर बांधून ठेवा, सकाळी सावलीत थोडा सुकवून रवा काढून आणा. पाखडून कोंडा काढा. मग तो रवा मिक्सरवर थोडा थोडा फिरवून मैद्याच्या चाळणीने चाळा. चाळणीखाली पडेल ते पीठ आपलं. चिमटीत धरलं तर ते पिठीसारखं गुळगुळीत लागणार नाही, अगदी बारीक वाळूसारखं कुरकुरेल आणि रंग फिक्कट हळदीचा दिसेल. वर उरलेला जाडसर रवा उपम्याला वापरा, उपमा सुरेख मोकळा होतो.

ज्यांच्याकडे असं पोतं नाही त्यांनी दुकानात रव्याचा रंग बघावा. पांढरा बारीक रवा साध्या गव्हाचा असतो. पिशवीवर ‘बन्सी रवा’ किंवा ‘ड्युरम’ लिहिलेलं हवं. नुसताच मैदा घरात असेल तर निम्मा रवा मिसळा आणि पाण्याऐवजी अंडं घाला, तग धरेल. खपली गव्हाबद्दलही दोघींनी विचारलं आहे. चव फार छान, पण तिचं ग्लुटेन दुबळं, नुसत्या खपलीचे लांब दोरे तुटतात. निम्मी खपली, निम्मा बन्सी घ्या आणि आखूड आकार काढा.

आमच्याकडे अंडं घरात येत नाही. बहुतेक कृतींत अंडं असतंच. त्याऐवजी काय घालू?
— एक वाचक, बार्शी

काहीही घालू नका. बेसन नको, कॉर्नफ्लोअर नको. इटलीच्या दक्षिणेला पुलिया भागात ओरेक्किएत्ते नावाचे कानाच्या पाळीसारखे छोटे वाटीदार तुकडे करतात, ते फक्त ड्युरमचा रवा आणि पाणी यांचे. अंडं लागतं ते उत्तरेकडच्या एमिलिया-रोमान्यासारख्या भागात, कारण तिथे मऊ गव्हाचं पीठ वापरतात आणि त्याला आधार हवा असतो. रवा चांगला असेल तर अंड्यावाचून काही अडत नाही.

जे अंडं घालतात त्यांच्यासाठी: इटालियन हिशेब १०० ग्रॅम पिठाला एक अंडं असा असतो, पण तो हाताने मळायच्या आणि लाटायच्या पास्त्याचा. मशीनमध्ये अंडं फोडून वाटीत घ्या, काट्यावर ठेवा आणि पाणी घालून वजन पूर्ण करा. ४०० ग्रॅमला अंडं-पाणी मिळून १५०-१५५ ग्रॅम, बस.

मळून आकार काढणारं मशीन घ्यावं की मोटार लावलेलं लाटायचं? आम्ही दोघंच आहोत, जागा कमी आहे.
— एक वाचक, ठाणे

खाता काय त्यावर ठरवा. पेने, मॅकरोनी असे पोकळ आकार लाटून होत नाहीत, त्यांना दाबाचंच मशीन हवं. लाझान्याच्या पट्ट्या, राव्हिओली, रिबिनीसारखी टाल्यातेल्ले लाटलेलीच चांगली, पातळ आणि रेशमी. इटलीतल्या बोलोन्या शहराच्या लोकांनी तर १९७२ मध्ये टाल्यातेल्लेची रुंदी ठरवून तिथल्या व्यापार मंडळाकडे नोंदवली आहे, शिजल्यावर ८ मिलिमीटर. लाटायच्या मशीनला पीठ हाताने मळावं लागतं, हे लक्षात घ्या. ऑफिसातून येऊन अर्ध्या तासात ताट वाढायचं असेल तर पहिलंच घ्या. जमलं तर एक ब्राँझची डिस्क वेगळी मागवा. प्लॅस्टिकच्या डिस्कमधून पास्ता गुळगुळीत येतो आणि सॉस ताटात राहतो. ब्राँझमधून तो जरा खरबरीत येतो आणि सॉस धरतो.

डिस्क धुताना भोकांत पीठ अडकून राहतं. शिवाय पावसाळ्यात पास्ता वाळत नाही, बुरशी येते.
— एक वाचक, रत्नागिरी

लगेच पाण्यात घालू नका, खळ होते. डिस्क तशीच रात्रभर वाळू द्या किंवा दोन तास फ्रीझरमध्ये ठेवा, सकाळी टूथपिकने पीठ टकाटका निघतं. लाटायच्या मशीनला तर पाणी कधीच लावायचं नाही, कोरडा ब्रश पुरे.

कोकणातल्या पावसात पास्ता वाळवायचा नादच सोडा. पिठी भुरभुरून मूठ-मूठभर सैल घरटी करा, ताटात ठेवून फ्रीझरमध्ये कडक करा, मग पिशवीत भरा. महिनाभर टिकतात. शिजवताना न वितळवता थेट उकळत्या पाण्यात सोडा. पाणी १०० ग्रॅमला एक लिटर, मीठ १० ग्रॅम, आणि दोन-तीन मिनिटांनी एक दोरा चाखून बघा. अंड्याचा पास्ता बाहेर हवेवर वाळवत ठेवू नका, कुठल्याच ऋतूत.

माझी पत्नी पन्नास वर्षं शेवया करत आली. आता तिच्या हाताला कंप आहे, पितळी यंत्राचा दांडा फिरवता येत नाही. नातीने पास्त्याचं मशीन आणलं आहे. त्यात शेवया होतील का? तिला विचारलं तर ‘त्याला काय कळतंय’ म्हणते.
— एक वाचक, नगर

काका, होतात, आणि चांगल्या होतात. मशीनबरोबर आलेल्या डिस्कपैकी सगळ्यात बारीक भोकांची घ्या. बन्सीचा रवा ३०० ग्रॅम, पाणी ११० ग्रॅम, चिमूटभर मीठ. वीस मिनिटं मुरू द्या. शेवई बाहेर येताना दोन खुर्च्यांवर आडवी काठी ठेवून तिच्यावर टाकत जा. एक दिवस घरात पंख्याखाली, मग एक ऊन. आधीच कडक उन्हात नेली तर वरून वाळते, आतून ओली राहते आणि डब्यात भरल्यावर तिचा चुरा होतो. न वाळवता ताज्या शेवयांची खीर करायची असेल तर त्या आधी पाण्यात मिनिटभर उकळून उपसा, नाहीतर कच्च्या पिठाने दूध दाटून लापशी होते.

गव्हले, मालत्या, नखोल्या मात्र या मशीनवर होणार नाहीत. ते बोटांचंच काम.

काकूंना मशीनपाशी खुर्ची देऊन बसवा. मुटका त्यांनाच वळून बघू द्या, पाणी कमी की जास्त ते त्यांना पुस्तिकेच्या आधी कळेल. आणि शेवई हातभर झाल्यावर तोडायची की वीतभर, तेही त्यांनाच सांगू द्या. नात कात्री घेऊन उभी राहील.